विराजची हलकी गाडी

विराज माणूस वाईट नाही, हे आधीच जमेच्या बाजूला टाकून ठेवतो, कारण पुढे त्या बाजूला फारसं काही येणार नाही. तारकर्लीच्या रस्त्याला त्याचं रिसॉर्ट, मालवणच्या बाजारात त्याच्या शब्दाला वजन, आणि दारात दोन दारांची, लाल रंगाची जुनी जपानी स्पोर्ट्स कार. यातली गाडी त्याची नव्हे. ती नीरजाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, बाबांची. बाबा बोटीवर चीफ इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती गोव्यात कुणाकडून तरी घेतली, स्वतःच्या हातांनी उघडली, जोडली आणि नीरजाच्या आईला उकाडा सोसत नाही म्हणून गाडीत एसी बसवला. लग्नात चावी लेकीच्या हातात दिली. लेकीने ती नवऱ्याकडे दिली, जरा धर म्हणून. नवऱ्याने ती अजून धरलेलीच होती.

दर उन्हाळ्यात वैभववाडीच्या वरच्या घाटात एका रविवारी सकाळी रस्ता बंद करून गाड्यांची चढाई होते. प्रत्येकाला दोन फेऱ्या; त्यांत सर्वांत कमी वेळात जो वर पोचला तो जिंकला. शेजारी कुणाला बसवायचं की नाही, ही ज्याची त्याची मर्जी. गेल्या वर्षी विराजने नीरजाला बसवलं होतं, फोटो बरा येतो म्हणून. खारेपाटणच्या सर्वेशने त्याला अगदी थोडक्यात हरवलं.

बक्षीस समारंभात विराजने माइक मागून घेतला. आधी शुद्ध मराठीत म्हणाला, "गाडी उत्तम होती, चालक उत्तम होता." मग मागच्या रांगेपर्यंत पोचावं म्हणून मालवणीवर आला. "पण काय करतलंय? बायल जड पडली!"

मांडव हसला. नीरजाही हसली. ती हसली म्हणून तिला ओळखणारे दोघे-चौघे गप्प झाले. नीरजा हायस्कुलात गणित शिकवते. हातचा विसरत नाही.

पुढचं वर्षभर तिला ते वाक्य बाजारात परत मिळत राहिलं. मासळीवाली शेवंती तर तिच्या तोंडावरच म्हणाली, "सुरमय कित्याक गो बाय? गाडी जड होतली. तारलेच घे चार."

"सुरमयच दी," नीरजा म्हणाली. "मोठी."

यंदा मार्च सरता सरता विराजने गाडी हलकी करायला काढली. स्टेपनी गेली. शेजारची सीट गेली. काचा काढून तिथे न उघडणारं प्लॅस्टिक ठोकलं. आणि शेवटी एसी: कॉम्प्रेसर, जाळी, नळ्या, पंखा, सगळं. एकट्या एसीचंच मोजून अर्धा मण वजन उतरलं म्हणे. त्याहून जास्त तो स्वतः शर्टाच्या आत बाळगून होता. पण ते काढायला पाना चालत नाही, ताटावरून उठावं लागतं.

कणकवलीला मितेशच्या गॅरेजमध्ये काम चाललं होतं तेव्हा नीरजा तिथे गेली. मितेश तिचा जुना विद्यार्थी. फरशीवर बाबांचा एसी तुकड्यातुकड्यांनी मांडून ठेवला होता.

"ह्येचा काय करतलंस?"

"भंगारात घाल म्हणाले."

"भंगारात नको. ताडपत्रीत बांध. मी नेतंय." मग तिने पंख्याला बोट लावलं. "ह्यो काढलंस, तर इंजिन तापाचा नाय?"

"धावताना नाय तापाचा, बाई. उभी रवली तर तापतला. दुसरो पंखो म्हातारो झालो, तेच्या एकट्याच्यान निभाचा नाय."

"तेंका सांगितलंस?"

"दोनदा सांगितलंय. म्हणाले, शर्यतीत गाडी उभी कोण ठेवता रे, मेल्या?"

नीरजाने ताडपत्रीची गाठ स्वतः आवळली. "बरोबर," ती म्हणाली. "कोण ठेवता?"

त्याच आठवड्यात ती मिठबावला भाईंकडे जाऊन आली. भाई म्हणजे देवाला गाऱ्हाणं घालणारा माणूस. आमच्याकडे दुकान उघडो, बोट पाण्यात उतरो की क्रिकेटचे सामने असोत, नारळ ठेवून गाऱ्हाणं घातल्याशिवाय काही सुरू होत नाही. आणि भाईंचा आवाज असा, की देव झोपलेला असला तरी कूस बदलील. अंगानेही भाई आवाजाच्या मापाचे. गेल्या चतुर्थीला भर पावसात त्यांनी रस्त्यावर हात दाखवला, तेव्हा विराजने काच चार बोटं खाली करून सांगितलं होतं, "भाई, तुम्ही बसलास तर टायर बसतलो." भाई भिजत घरी गेले. भाई विसरतात पुष्कळ, पण भिजलेलं विसरत नाहीत.

"माझो नारळ आसा," नीरजा त्यांना म्हणाली. "ज्याचो नारळ, तेचे शब्द. खरा मां?"

"खरा. बोल, काय घालूचा?"

तिने सांगितलं. भाईंनी पायरीवर मांडी बदलली आणि मनापासून विडा लावला. "आणि लांबवूचा किती?"

"तुमका देव किती ठावक आसत?"

"सगळे," भाई म्हणाले.

शर्यतीच्या दिवशी ऊन नऊलाच तापलं होतं. सुटण्याचा पहिला नंबर विराजचा, म्हणून त्याची लाल गाडी रेषेवर, नारळाच्या समोर. इंजिन त्याने चालूच ठेवलेलं. आवाज लोकांनी ऐकावा, व्हिडिओत यावा. स्वतः बाहेर हात जोडून उभा, अंगात शर्यतीचा जाड लाल सूट, पोटापाशी जरा ताणलेला. भाईंनी नारळ कपाळाला लावला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा घाट म्हणाला.

भाईंनी वैभववाडीपासून सुरुवात केली. रवळनाथ झाला, सातेरी झाली, लिंगेश्वर झाला. वाटेवरचा, वेशीवरचा, पाणवठ्यावरचा, ज्याचं नाव घेत नाहीत तो, सगळे झाले. खारेपाटणावरून फिरून ते देवगडच्या अंगाला उतरले. प्रत्येक देवामागे "व्हय म्हाराजा!" सर्वेशने आपली गाडी बंद केली आणि झाडाखाली जाऊन हात जोडले. विराज घामाने निथळत होता, पण नारळासमोर उभा राहिलेला माणूस गाऱ्हाण्याच्या मधून हलत नाही, आणि इंजिन बंद केलं तर लोक म्हणतील गाडी दमली.

मिठबावला पोचल्यावर भाईंनी आवाज आणखी चढवला.

"आज ह्या लेकरान तुझ्या पायाकडे गाडी आणल्यान हा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जा जा जड, ता ता तेणां काढल्यान. गारव्याचा मशीन काढल्यान, बसूची जागा काढल्यान, बायलेक खाली उतरवल्यान!"

"व्हय म्हाराजा!" यात थोडं हसू मिसळलं.

"आता गाडयेत तो एकटोच आसा. तरी पण जर गाडी वर पोचली नाय, तर जड कोण होता ता सगळ्यांच्या देखत दाखव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि जो जड ठरात, तेणां खाली उतरान गाडयेची चावी जिची तिच्या हातात देवची, आणि परत कधी मागूची नाय, असो तुझो कौल आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज विराजचा होता. त्याला दोष देत नाही. आमच्यातल्या कुणालाही विचारा: गाऱ्हाण्यात कान ऐकायच्या आधी तोंड उघडतं. लहानपणापासूनची सवय. लोकांचं शेवटचं "व्हय" विरत असताना सर्वेशने मान वर करून नीरजाकडे पाहिलं. ती हात जोडून उभी होती, डोळे मिटून, देवळात असावी तशी.

नारळ फुटला. विराज गाडीत शिरला, झेंडी पडली, आणि त्याने तापमानाच्या काट्याकडे न बघता पाय दाबला. पहिलं वळण झोकात घेतलं. दुसऱ्या वळणावर बॉनेटखालून पांढरी वाफ निघाली, आणि तिसरं वळण त्या गाडीने पाहिलंच नाही. प्लॅस्टिकच्या खिडकीला आतून विराजचा तळहात चिकटलेला खालूनसुद्धा दिसला. दार उघडून तो बाहेर आला तेव्हा त्याच्याही अंगातून वाफ निघते आहे असं वाटत होतं.

गाडी ढकलत खाली आणली. विराजने डोक्यावर बाटली ओतली आणि आयोजकांना म्हणाला, "दुसरी फेरी बाकी आहे माझी. गार झाली की जातो."

"चावी," नीरजा म्हणाली आणि हात पुढे केला.

"कसली चावी?"

"देवाक सांगितलंस ती."

त्याला ते कळायला जरा वेळ लागला. मग तो भाईंवर गेला. "भाई, ह्या काय? मी आयकलंयच नाय!"

"तू नाय आयकलंस," भाई शांतपणे म्हणाले. "देवान आयकलान मरे. आता तेका तूच सांग, मी आयकल्याशिवाय बोललंय म्हणान."

मागून कुणीतरी मोबाइल वर धरला. त्यातून विराजचाच आवाज आला, खणखणीत: व्हय म्हाराजा! ते दोनदा वाजवलं गेलं. विराजने भोवती पाहिलं. गेल्या वर्षीचाच मांडव, तीच माणसं, आणि तसंच हसू. फक्त धनी बदलला होता. या माणसांत राहून त्याला रिसॉर्ट चालवायचं होतं. देवापुढचा शब्द फिरवला, तर उद्या त्याच्या दारात नारळ फोडायला भाई येणार नाहीत आणि जेवायला गाव येणार नाही, हा हिशेब त्याला माझ्याहून लवकर आला. त्याने सुटाची चेन उघडली, चावी काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

"बस, तू मार दुसरी फेरी," तो पुटपुटला. "दाखव लोकांका."

"माका शर्यत नको होती रे," नीरजा म्हणाली. "चावी होई होती."

गाडी गार होईपर्यंत ती सावलीत बसून राहिली. पाणी भरलं. पदर खोचला, आत बसली आणि घाट चढायच्याऐवजी पाठ फिरवून सावकाश मालवणच्या रस्त्याला लागली. तिच्याबरोबर जाण्याचा प्रश्न विराजला नव्हताच. शेजारची सीट त्याने स्वतः उपटली होती. भाईंनी आपल्या गाडीचं दार उघडून धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ये रे बाबा, बस. आमच्या गाडयेत वजन बघनत नाय."

तो बसला. वाटेत भाईंनी त्याला एकही देव वगळला नाही, असं म्हणतात.

पंधरवड्यात मितेशने ताडपत्री सोडली. कॉम्प्रेसर, जाळी, नळ्या, पंखा, सगळं जागच्या जागी गेलं. काचा परत आल्या, स्टेपनी आली. सीट गॅरेजमध्ये भिंतीला टेकून उभी होती. मितेशने ती पुसून ठेवली होती.

"ही रवांदे," नीरजा म्हणाली.

मे सरत आला तेव्हा ती लाल गाडी मासळी बाजारापाशी थांबलेली आम्ही पाहिली. शेवंतीने अख्खी सुरमई केळीच्या पानात गुंडाळून, बर्फाच्या डब्यासकट, सीटच्या रिकाम्या जागेत ठेवली. एसीची हवा थेट तिच्यावर. स्कूटर घेऊन विराज मागेच उभा होता, शर्ट पाठीला चिकटलेला. तो खिडकीशी वाकला.

"नीरू, ती सीट कधी बसवतलंस गो?"

तिने सुरमईकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"बघतंय," ती म्हणाली. "आधी वजन करूक होया."

आणि काच वर गेली.