उजवीकडे खोबरेल, डावीकडे ओट

माझी आत्या बुकबाइंडर. तिच्या दुकानात टेबलाखाली ढब्बू नावाचा तांबूस कुत्रा पडलेला असायचा. त्या वर्षी त्याला खाजेनं छळलं. पोटावरचे केस गेले, कातडी लालबुंद झाली. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या चालू असेपर्यंत बरं असे. त्या संपल्या की पुन्हा खरडणं सुरू.

मग गिऱ्हाइकांना कंठ फुटला. कोणी खोबरेल सांगे, कोणी कोरफड, कोणी ओटच्या पाण्याची आंघोळ.

"सगळं एकदम केलं तर गुण कशाचा, ते कळणार कसं?" आत्या म्हणाली. तिनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला. कोरफड चाटली तर पोट बिघडेल, म्हणून ती बाद झाली. उजव्या कुशीला खोबरेल, डाव्या कुशीला ओटचं पाणी, आणि तासाला किती वेळा खाजवतो त्याची वही.

खोबरेल ढब्बूनं दोन मिनिटांत चाटून टाकलं. ओटच्या पाण्यानं संध्याकाळपर्यंत शांत राहायचा, सकाळी पुन्हा तेच. दीड महिन्यानंतर दोन्ही कुशी सारख्याच! पण वही चाळताना आत्या थबकली.

"अहो, तुम्ही पंधरा दिवस बहिणीकडे होतात, तेव्हा हा निम्मंच खाजवत होता. असं का?"

आतोबांनी वर्तमानपत्र वर धरलं. "मला काय ठाऊक?"

"अहो!"

"दुपारी एखादं बिस्किट देतो."

"एखादं?"

"चार," वर्तमानपत्रामागून आवाज आला.

डॉक्टरीणबाई वही बघून खूश झाल्या. आठ आठवडे फक्त मासा आणि बटाटा, बाकी काही नाही, असं ठरलं. सहाव्या आठवड्यात ढब्बूच्या पोटावर मऊ लव दिसू लागली.

"खात्रीच हवी असेल, तर एकदा बिस्किट देऊन बघा," बाई म्हणाल्या.

"बरा झालाय ना? मग कशाला उगाच?" आतोबा कळवळले.

पण आत्याला राहवेना. तिनं स्वतः दोन बिस्किटं दिली. दुसऱ्या दिवशी ढब्बूचा मागचा पाय पुन्हा कानाशी गेला. आत्यानं तारीख लिहून खाली रेघ ओढली.

"वाईट नाही वाटलं?" मी विचारलं.

"वाटलं ना," ती त्याची मान चोळत म्हणाली. "पण आता अंदाज नाही, माहीत आहे."

आतोबा स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. कोणी सांगितलं नव्हतं.