तिसरीच्या वर्गातला पंच

प्रशिक्षणाहून परत आलेल्या मास्तरला चार दिवस वर्गात सोडू नये, असं आमच्या मोठ्या बाई म्हणायच्या. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. मी परत आलो तेव्हा त्या नेमक्या रजेवर होत्या आणि तिथंच सगळं बिघडलं.

साल अठ्ठ्याण्णव. मी नागसेन, मूळचा पेठ वडगावचा, शिवाजी पेठेतल्या महापालिकेच्या एका शाळेत तिसरीचा वर्गशिक्षक. नोकरी नवी होती, पण माझ्याइतकं शिक्षणशास्त्र जिल्ह्यात कुणाला कळत नाही अशी माझी पक्की समजूत होती. प्रशिक्षणात ती आणखी फुगली. तिथं सांगितलं की मुलं खेळातून शिकतात, गटातून शिकतात, चुरशीतून शिकतात. मला त्यातून एवढंच ऐकू आलं की आता धडे वाचून घसा कोरडा करायला नको.

सोमवारी वर्गात गेलो आणि जमिनीवर खडूनं मधोमध रेघ ओढली. खिडकीकडची मुलं एक गट, दाराकडची दुसरा. शुक्रवारपर्यंत जे शिकवीन त्यावर शनिवारच्या सकाळच्या शाळेत, कवायत झाल्यावर, सामना. सामना हा शब्द माझाच. शिवाजी पेठेत राहून, भर हंगामात, मी तो कुणाला न विचारता वापरला.

ज्याला कोल्हापूर माहीत नाही त्याला हे समजावून सांगायला हवं. इथं गल्लीगल्लीला तालीम असते आणि तालमीतालमीचा फुटबॉलचा संघ असतो. पोर जन्माला येतं ते आधी संघाचं होतं, मग त्याचं बारसं होतं. आमच्या शाळेच्या एका अंगाला वरची गल्ली, दुसऱ्या अंगाला खालची, आणि त्यांच्या संघांचं आज्या-पणज्यापासून वाकडं. हे पेठेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मला नव्हतं, कारण मला फुटबॉल कळत नव्हता आणि न कळण्याला मी सुसंस्कृतपणा समजत होतो. मुलं वर्गात आपापल्या गल्लीतल्या पोरांना चिकटून बसतात, हेही मी कधी बघितलं नव्हतं. म्हणजे माझी रेघ बरोबर दोन तालमींच्या मधून गेली होती.

रेघ ओढून पाठ सरळ केली तर कपाटाजवळ एक मुलगी उभीच. ही मनाली. आमच्या शाळेचा शिपाई आकाराम, त्याची नात. आई बिद्रीला बाळंत झाली होती, घरात करायला कुणी नव्हतं, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत हिला आजोबाकडं पाठवलं होतं. आकाराम शाळेच्या मागच्या खोलीत राहायचा, त्यामुळं मनालीही शाळेतच राहायची.

"गुरुजी, मी कुणाकडं?"

खिडकीकडून अमरसिंह म्हणाला, "आमच्यात नगं. आमच्या गल्लीतली न्हाय ती."

दाराकडून कृष्णात म्हणाला, "मग आमच्या तरी कुठं हाय? शाळंत ऱ्हाती. तिला गल्लीच न्हाय."

त्यात दुष्टावा नव्हता. पोस्टमननं पत्त्यावर नजर टाकावी तसं सांगितलं त्यांनी. मनाली माझ्याकडं बघत राहिली. सगळ्या वर्गात उत्तर द्यायला जिची जीभ सर्वांत जास्त शिवशिवायची ती हीच. नुसता प्रश्न उच्चारायचा अवकाश, हिचा हात वर.

"बघू पुढच्या शनिवारी," मी म्हणालो. रेघा ओढणं आणि पुढं ढकलणं, या दोन कामांत मी तेव्हाही तरबेज होतो.

सुरुवातीचे सामने इतके छान झाले की मी मनातल्या मनात आदर्श शिक्षकाचं भाषण लिहायला घेतलं. ज्यांच्या दप्तराला हवा लागत नव्हती ती पोरं सतराचा पाढा म्हणत लघवीला जाऊ लागली. पंचगंगेच्या पाच नद्या गल्लीतल्या नळावर पाठ होऊ लागल्या. मोठ्या बाई रजेवरून आल्या तर त्यांना मधल्या सुट्टीत पाढे ऐकू आले. त्यांनी माझ्याकडं संशयानं बघितलं.

मग एका शनिवारी खिडकीबाहेर हलगी वाजली. बघतो तर वरच्या गल्लीतली मोठी माणसं झेंडा घेऊन उभी. सात आठे छप्पन्न बरोबर आलं की बाहेर शिट्ट्या, चुकलं की कपाळावर हात. सोमवारी दुपारी सयाजी मला भेटायला आला. हा वरच्या गल्लीच्या संघाचा बचावपटू. दारात उभा राहिला की वर्गात अंधार व्हायचा.

"गुरुजी, राग मानू नगासा. पर त्या खालच्यास्नी तुमी सोप्पं इचारता."

"असं कसं? सगळ्यांना सारखेच प्रश्न असतात."

"मग तुमी भडंग कुणाच्या दुकानातनं खाता ते सांगा की."

भडंग मी खालच्या गल्लीतून आणायचो. दुकान जवळ होतं आणि शेंगदाणे भरपूर घालायचा, यापलीकडं त्यात काही नव्हतं. पण ते सयाजीला पटवून देणं जमेना, म्हणून मी भडंग सोडलं. लगेच खालच्या गल्लीतल्या कृष्णातची आजी बायडाबाई आली. तिचं म्हणणं, मी खोली भाड्यानं घेतली आहे ती वरच्या गल्लीत, मालकीण रोज चहा देते, मग न्याय कुठला मिळायचा. चहा सोडायची माझी तयारी नव्हती. भडंगापर्यंत माझा त्याग होता.

बायडाबाई उठताना म्हणाली, "असं चालायचं असलं तर आमच्या गल्लीतली पोरं काढून घेतो आमी. दुसऱ्या शाळा बंद पडल्यात काय?"

हे मात्र जिव्हारी लागलं. पट उतरला की तुकडी जाते, तुकडी गेली की मास्तर जास्तीचा ठरतो आणि मग त्याला कुठं टाकतील ते सांगता येत नाही. आता मला असा पंच हवा होता जो वरच्या गल्लीचा नाही, खालचाही नाही. अख्ख्या पेठेत असं एकच माणूस होतं आणि ते कपाटाजवळ बसत होतं.

मी मनालीच्या गळ्यात शिट्टी घातली. दोन्ही गल्ल्या एका क्षणात कबूल झाल्या. सयाजी म्हणाला, "झ्याक. आकारामची नात कुणाचीबी न्हाय." बायडाबाई म्हणाली तेच. आपण एका दगडात दोन पक्षी मारले म्हणून मी स्वतःवर इतका खूश झालो की त्या रात्री वडगावला आईला सविस्तर पत्र लिहिलं. खरंतर तिसऱ्या पक्ष्यालाही दगड लागला होता, पण तिकडं माझं लक्ष नव्हतं.

मनालीनं शिट्टी हातात धरून विचारलं, "मग मला प्रश्न कोण इचारणार?"

"पंचाला प्रश्न नसतात. पंचानं उत्तर द्यायचं नाही, कुणाला सुचवायचं नाही. पंचाचा मान सगळ्यांत मोठा."

तिनं मान हलवली. मोठ्या माणसाचं ऐकायचं असतं म्हणून हलवतात तशी.

पंच म्हणून ती कडक निघाली. कुजबूज केली की शिट्टी, वेळ घेतला की शिट्टी. एकदा मीच सतरा आठे एकशे सव्वीस म्हणालो तर माझ्यावर शिट्टी वाजली आणि दोन्ही गल्ल्या प्रथमच एकत्र हसल्या. भांडणं थांबली. हलगीवाले आपणहून पटांगणाबाहेर उभे राहू लागले. बायडाबाई शांत झाली, तुकडी वाचली. मी भडंगही पुन्हा सुरू केलं.

फक्त दर शुक्रवारी शाळा सुटताना मनाली टेबलाजवळ यायची.

"गुरुजी, उद्या मी खेळू?"

"अगं, पंच कोण होणार मग?"

"एकच प्रश्न इचारा. गुण नगं मला."

"बघू पुढच्या शनिवारी."

ती हिरमुसायची नाही. हिरमुसली असती तर मला समजलं असतं, एवढा काही मी निबर नव्हतो. ती नुसती जायची आणि मी हजेरीच्या बेरजा घालत बसायचो. हळूहळू एक गोष्ट झाली, तीही मला उशिरा दिसली. इतर दिवशीही तिनं हात वर करणं बंद केलं होतं. मी म्हटलं, बरंय, शिस्त लागली.

वार्षिक परीक्षेच्या आधीच्या शेवटच्या शनिवारी शिक्षण खात्यातले मोठे साहेब वर्ग बघायला येणार असं कळलं. माझ्या सामन्याची कीर्ती त्यांच्यापर्यंत गेली होती, म्हणजे मीच ती येनकेन प्रकारे पोचवली होती. त्याच आठवड्यात आकारामनं सांगितलं, परीक्षा झाली की जावई येऊन पोरीला बिद्रीला घेऊन जाणार. मी "बरं" म्हणालो. माझं सगळं डोकं पताकांत होतं.

शनिवारी साहेब मागच्या खुर्चीवर बसले, शेजारी मोठ्या बाई. दारात सयाजी, बायडाबाई आणि बरीच मंडळी. सामना असा रंगला की मलाच घाम फुटला. दोन्ही गट बरोबरीत आले. शेवटचा प्रश्न मी भूगोलातला काढला, त्याच आठवड्यात शिकवलेला. काळम्मावाडीचं धरण कोणत्या नदीवर?

अमरसिंह ताडकन म्हणाला, "पंचगंगा." शिट्टी. चूक.

कृष्णातनं वर आढ्याकडं बघून, सगळ्या देवांना आठवून सांगितलं, "भोगावती." शिट्टी. चूक.

शहरातली पोरं ही, त्यांच्या दृष्टीनं पाणी नळाला असतं. साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे कुणालाच येत नाही?" ते म्हणाले, आणि ते "कुणालाच" मुलांना नव्हतं, मला होतं. मग मला आठवलं की वर्गात एकीला, त्याच धरणाच्या पाण्यावरच्या बिद्रीच्या पोरीला, नक्की येतंय.

"मनाली," मी हळूच म्हणालो, "तुला येतंय ना? सांग बघू साहेबांना."

"मी पंच हाय, गुरुजी." तिनं सरळ उत्तर दिलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "पंचानं उत्तर द्यायचं न्हाय म्हणलासा तुमी."

साहेब हसले. मोठ्या बाई हसल्या नाहीत. आणि तेवढ्यात अमरसिंहच्या डोक्यात प्रकाश पडला की हिला उत्तर येतंय, म्हणजे हिच्यात एक गुण आहे.

"मनाली, आमच्यात ये. खिडकीची जागा देतो."

"अय, आमी आधी म्हणलं हुतं," कृष्णात खोटंच बोलला. "आमच्यात ये गं. माझ्या शेजारी बस."

दारातून सयाजीनंही हात हलवला, "ये, ये पोरी, वरच्या गल्लीत ये." हंगामाच्या तोंडावर दुसऱ्या संघाचा खेळाडू फोडतात तशी ओढाताण सुरू झाली. इतके शनिवार जिला गल्ली नव्हती तिला एका मिनिटात दोन मिळाल्या. मला वाटलं, ही आता हरखून जाईल.

तिनं गळ्यातली शिट्टी काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"मला कुणाकडंबी जायचं न्हाय. सुट्टी लागली की मी बिद्रीला जाणार. तुमी मला एकदा तरी इचारा, गुरुजी."

तिचा आवाज जरासा फाटला. तेवढाच. पण त्या आवाजात मला सगळे शुक्रवार एकदम ऐकू आले आणि मी इतका ओशाळलो की तोंड उघडून विचारायला गेलो तर प्रश्नच आठवेना. खरं सांगतो. साहेब समोर, बायडाबाई दारात आणि जिल्ह्यातला थोर शिक्षणतज्ज्ञ खडू धरून मुकाट उभा. धरण आठवत होतं, त्याचं नाव आठवत नव्हतं.

मग मनालीलाच माझी दया आली असावी.

"काळम्मावाडीचं धरण कुठल्या नदीवर हाय," तिनं माझ्या वतीनं प्रश्न म्हटला, हात वर केला आणि तो वरच ठेवून माझ्याकडं बघत राहिली. मी नाव घेतल्याशिवाय ती बोलणार नव्हती.

"मनाली," मी म्हणालो.

"दूधगंगा."

"बरोबर."

दारातून सयाजीनं विचारलं, "गुरुजी, मग ह्यो गुण कुणाला?" साहेबही तेच विचारायच्या बेतात होते. मी फळ्याकडं वळलो. वरच्या गल्लीचा रकाना, खालच्या गल्लीचा रकाना, दोन्ही काठोकाठ भरलेले, तिसऱ्याला जागाच नाही. मधे तेवढी एक चौकट होती. साहेब येणार म्हणून मी त्यात रंगीत खडूनं, वेलबुट्टी काढून, "मार्गदर्शक" असं लिहून खाली माझं पूर्ण नाव लिहिलं होतं. ते मी पुसलं. डस्टर जुना होता, बराच वेळ घासावं लागलं. तिथं "मनाली" लिहिलं आणि पुढं एक.

मागं वळलो तर मनालीचा हात अजून वरच होता.

"आता दुसरा इचारा," ती म्हणाली.