छातीवरचा पेला

आमच्या ह्यांना श्वास कसा घ्यायचा हे कुणी शिकवायला येईल, असं मला जन्मात वाटलं नव्हतं. ह्यांची हयात काच फुंकण्यात गेली. प्रयोगशाळांना लागणारे चंबू, परीक्षानळ्या, वेटोळ्या नळ्या, सगळं भट्टीपुढे उभं राहून तोंडाने फुंकायचं. त्या कामाची एक रीत आहे. छाती हलली की खांदे हलतात, खांद्यांबरोबर हात, आणि हात हलला की मऊ काचेचा गोळा वाकडा झालाच. म्हणून श्वास पोटाने घ्यायचा, आणि तोही पुरता थांबवायचा नाही. छाती रोखायची, पोटातून बारीक धार चालू ठेवायची. ह्यांच्या वस्तादांनी सुरुवातीला ह्यांना उताणं झोपवून छातीवर पाण्याचा पेला ठेवला होता. सांडला की टपली.

ते अंगात इतकं मुरलं की झोपेतसुद्धा छाती जागची हलायची नाही, पोट तेवढं वर-खाली. नवी नवरी असताना मी विचारलं होतं, "अहो, बेडूक तुमचा कोण लागतो?" हे हसले, तेही पोटानेच.

मग यकृतात गाठ निघाली. कापून काढण्यासारखी नव्हती. सलाईनमधून औषध देऊन पाहिलं. केस गेले, भूक गेली, गाठ होती तिथेच ठाण मांडून बसली. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नवा उपाय सांगितला. पोरगी आमच्या लेकीपेक्षा लहान, पण बोलणं सरळ. तिने टेबलावर एक इवलीशी काचेची कुपी ठेवली. तळाशी काजळीसारखं काहीतरी साचलेलं होतं.

"काका, हे रोबो आहेत. एकेक सुटा डोळ्याला दिसणार नाही एवढा लहान. प्रत्येकाजवळ औषधाचा एक कण. रक्तात सोडायचे, बाहेरून लोहचुंबकाने गाठीपर्यंत हाकत न्यायचे आणि तिथे पोचल्यावर उघडायचे. औषध फार जहाल आहे. ते गाठीबाहेर पडून चालणार नाही."

ह्यांनी कुपी उजेडाकडे धरून निरखली. "तळ एका बाजूला जाड राहिलाय," म्हणाले. "कुणी फुंकली ही?"

"अहो, औषध बघा! कुपी काय बघताय?" मी म्हटलं. डॉक्टरीणबाई हसल्या. मला ती पोरगी आवडली होती हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे मी तिला मनातल्या मनात पुष्कळ शिव्या दिल्या.

अडचण एकच होती. श्वासाबरोबर यकृत सरकतं. हाकताना ते सरकलं तर ती रोबोंची कारटी भलत्याच फाट्याला लागणार. ह्यांची फुप्फुसं भट्टीच्या धगीने आणि धुराने कामातून गेलेली, त्यामुळे भूल देणं धोक्याचं होतं. तेव्हा शुद्धीवर राहायचं आणि सांगतील तेव्हा श्वास रोखायचा. छातीवर पट्टा बांधणार होते. छाती हलली की यंत्र आपोआप थांबणार.

"श्वासाची काळजी माझ्यावर सोडा," हे म्हणाले. गाठ निघाल्यापासून ह्यांची मान पहिल्यांदाच ताठ झालेली मी पाहिली, आणि मलाही बरं वाटलं.

उपचाराच्या दिवशी मी आणि लेक काचेच्या खिडकीपलीकडे बसलो होतो. ह्यांच्या पोटावर चुंबकाची भलीमोठी कमान होती. तिच्यामुळे आम्हाला दिसत होते फक्त पाय आणि चेहरा. "रोखा" असा आवाज आला की पट्ट्याची रेघ पडद्यावर सरळ व्हायची. जराही थरथर नाही. यंत्राला एकदाही थांबावं लागलं नाही. "काका, असा पेशंट मी आजवर पाहिला नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मी लेकीला कोपराने ढोसलं.

दुसऱ्या दिवशी ताप चढला. मग उलट्या, मग डोळे पिवळे. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून खाटेजवळ बसल्या.

"काका, बरंचसं औषध गाठीबाहेर उघडलं. चांगल्या यकृतात. यकृत हललं होतं. पट्ट्यावर मात्र काहीच आलं नाही. असं कसं झालं ते मला अजून कळलेलं नाही."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. तिला फाडून खायला मी तोंड उघडणार, तोच ह्यांनी हात वर केला. दुसरा हात पोटावर होता. पांघरूण वर जात होतं, खाली येत होतं, आणि हे त्याच्याकडे बघत होते.

"बाई, श्वास रोखा म्हणजे पुरता बंद करा, असं होतं का ते?"

"हो."

"मी भट्टीवर रोखतो तसा रोखला. छाती रोखली."

डॉक्टरीणबाईंनी पांघरुणाकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. मला कुणावर तरी ओरडायचं होतं. कुणावर ओरडू?

यकृत थोडं सावरलं तर आणखी एकदा करता येईल, असं ठरलं. या वेळी पट्टा पोटावर. पोट हललं तर यंत्र सुरूच होणार नाही. श्वास पुरता बंद ठेवण्याइतकी ताकद आता ह्यांच्यात नव्हती, म्हणून तोवर घरी सराव करायचा, श्वास वर छातीने घ्यायचा आणि पोट शांत ठेवायचं.

मी खाटेवर बसून ह्यांच्या पोटावर तळहात ठेवायची. "घ्या. वर घ्या, अजून वर... हललं!"

"नाही हललं."

"माझ्या हाताला कळतं हो."

मग आम्ही पोटावर पाण्याचा पेला ठेवून पाहिला. सांडायचा. चादर बदलायची, पुन्हा पेला ठेवायचा. "वस्तादांनी हे पाहिलं असतं तर मला भट्टीतच घातलं असतं," हे म्हणायचे. छातीने ओढायला गेले की खोकल्याची उबळ यायची. कसेबसे दोन श्वास जमायचे आणि डुलकी लागली की पोट पुन्हा आपलं वर-खाली. एकदा माझा तोल गेला. "एवढं जग फुंकून काढलंत, आणि एक श्वास जमत नाही?" मी ओरडले.

"मला भीती वाटते गं," हे म्हणाले. "भीती वाटली की पोटच हलतं."

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला आणि रडून घेतलं. मला ह्यांच्याशिवाय राहायचं नव्हतं, एवढी साधी गोष्ट होती.

पुढे ह्यांचं बोलणं कमी झालं, झोप वाढली. एका दुपारी लेक आत भांडी घासत होती. मी नेहमीसारखा हात ठेवला. "घ्या," म्हटलं. हाताखाली पोट हललं नाही. पुन्हा म्हटलं, तरी नाही. वर छाती मात्र खांद्यांसकट उचलली आणि खाली आली. मी पाण्याचा पेला पोटावर ठेवला. पाणी हललं नाही. छाती पुन्हा वर, पुन्हा खाली.

"अगं, जमलं! इकडे ये, ह्यांना जमलं!" मी लेकीला हाक मारली. "डॉक्टरीणबाईंना फोन लाव, म्हणावं, आता केव्हाही बोलवा!"

लेक ओल्या हातांनी दारात आली. तिने पेल्याकडे पाहिलंच नाही. ह्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"आई," ती म्हणाली, "ते सराव करत नाहीयेत."

तेव्हा मी वर पाहिलं. डोळे अर्धवट उघडे होते आणि मान मागे गेली होती. प्रत्येक श्वास छातीतून ओढून काढावा लागत होता आणि दोन श्वासांमधलं अंतर वाढत चाललं होतं. मी हात धरला, "अहो," म्हटलं, पोटाने घ्या म्हटलं, तुम्हाला येतो तसा घ्या.

पेल्यातलं पाणी सांडलं नाही.