फळाच तिरका आहे

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. माझा काळा रंग आता पांढुरका झाला आहे आणि एक कोपरा उंदरांनी कुरतडला आहे. पण मला माझ्याबद्दल थोडे आणि आमच्या बाईंबद्दल जास्त सांगायचे आहे.

माझा जन्म कोळशाच्या खाणीच्या सुतारखात्यात झाला. खाणीत छताला आधार द्यायला जाड खांब लागतात. ते कापताना उरलेल्या फळ्या जोडून बाईंच्या धाकट्या भावाने मला बनवले. ताईला शाळेत नोकरी लागली याचा आनंद बोलून दाखवण्यापेक्षा रंधा मारणे त्याला सोपे वाटले असावे.

शाळा म्हणजे चार खोल्यांची एक लांब, बैठी इमारत. शेवटच्या खोलीत दोन खिळ्यांवर मला टांगले. दिवसभर माझ्यासमोर मुले असायची. संध्याकाळी बाई मला उतरवून रस्त्यापलीकडच्या बँडच्या खोलीत नेत. तिथे एके काळी कामगारांचा बँड सराव करायचा. वाजवणारे म्हातारे झाले आणि खोलीत नुसता एक फुटका ढोल उरला. तिथे बाई मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवत, तेही आपल्या हौसेने. औषधाच्या बाटलीवरचे वाचता यावे, एवढ्यासाठीसुद्धा बायका येत. आठवड्यातून एकदा प्रथमोपचाराचा वर्ग असे. मोडलेला हात कसा बांधायचा ते दाखवताना बाईंनी एकदा घाईत माझ्यावर सहा बोटांचा हात काढला. खाणीत आम्हाला एवढी बोटे असती तर काम लवकर उरकले असते, असे मागून कुणीतरी म्हणाले, आणि सगळ्यांत जास्त बाईच हसल्या. त्यांच्या शेजारणीने मात्र सहाही बोटे पाटीवर उतरवून घेतली. ती शिकायला बसली की काही सोडत नसे.

अशी बरीच वर्षे गेली. बाईंच्या भावाची मुलगी त्यांच्याच वर्गात आली. एके दिवशी तिने माझ्यावर एक वाक्य लिहिले. बाईंनी तिला टोकले, की ओळ खाली घसरते आहे. ती म्हणाली, "आत्या, मी सरळच लिहिलंय. फळाच तिरका आहे."

वर्ग खदखदून हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी अर्धी भरलेली पाण्याची बाटली जमिनीवर आडवी ठेवली. ती गडगडत थेट कोपऱ्यात गेली. त्या कोपऱ्यात भिंतीला एक तडा होता. बाईंनी तडा संपतो तिथे पेन्सिलीने खूण केली. काही दिवसांनी तडा खुणेच्या पुढे गेलेला दिसला.

त्यांनी भावाला बोलावले. त्याने तिरकेपणा दाखवणारी पाणसळ आणली आणि भिंतीला लावून पाहिली. पाहून झाल्यावर तो बराच वेळ ती पुसत बसला. शेवटी म्हणाला, जुनी इमारत आहे, खचणारच. पण शाळेखालून खाणीचा बोगदा जातो हे त्यालाही ठाऊक होते.

हेडमास्तरांनी खाणीच्या कचेरीत कळवले. एक साहेब येऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी गवंडी येऊन तडा लिंपून गेला. पाऊस संपेपर्यंत लिंपण निघून आले. मग बाईंनी खोलीला कुलूप लावले आणि मला घेऊन मुलांचा वर्ग बँडच्या खोलीत भरवला. बाकीच्या तीन खोल्यांतले वर्गही हलवा, म्हणून त्या घरोघरी सांगत फिरू लागल्या.

गाव बिथरले. शाळा धोक्यात आहे असे ठरले, तर तिच्याखालचा बोगदा बंद होणार आणि त्यात काम करणाऱ्यांचे काय, हा सगळ्यांचा प्रश्न होता. भाऊही एका संध्याकाळी आला आणि दारातच उभा राहिला.

"ताई, काम बंद पडलं तर माणसं गाव सोडतील. मग तुझ्या शाळेत यायला पोरं तरी उरतील का?"

"उरतील की नाही ते पुढचं पुढे. आधी ती जिवंत तर राहू देत."

त्याने मुलीला बाईंच्या वर्गातून काढले आणि जुन्या इमारतीतच, शेजारच्या खोलीत बसवले. इतरांनीही तसेच केले. माझ्यासमोर चार मुले उरली. संध्याकाळी बायका यायच्या बंद झाल्या. शेजारणीचा नवरा त्याच बोगद्यात कामाला होता. तिने बाईंशी बोलणे सोडले.

एका सकाळी माझ्यावर कुणीतरी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले होते, 'खान बंद पाडनारी बाई'. बाईंनी खडू घेतला, दोन्ही ठिकाणचा 'न' खोडून 'ण' केला, मुलांना ते मोठ्याने वाचायला लावले आणि मग पुसून टाकले.  

हिवाळ्यात एके दिवशी वर्ग चालू असताना गाडीभर दगड ओतल्यासारखा आवाज झाला. बाई रस्ता ओलांडून धावल्या. कुलूप लावलेल्या खोलीची जमीन बाकांसकट आत गेली होती आणि शेजारच्या खोलीची भिंत फुगली होती. बाईंनी आणि हेडमास्तरांनी एकेका मुलाला दाराबाहेर काढले. कुणाला खरचटलेसुद्धा नाही. सगळी मुले बँडच्या खोलीत येऊन बसली. फुटक्या ढोलावरही दोघे बसले.

भाऊ धावत आला तेव्हा मुलगी माझ्यासमोर पहिल्या रांगेत होती. तिला पाहून तो तिथेच जमिनीवर बसला. मग म्हणाला, "ताई, उद्यापासून हिला इकडेच बसव."

"उद्यापासून कशाला? बसलीच आहे ती," बाई म्हणाल्या आणि त्याला पाणी दिले.

मित्रांनो, इथे गोष्ट गोड होऊन संपली असे तुम्हाला वाटेल. तसे झाले नाही. बोगदा बंद झाला आणि खाणीतली कामाची एक पाळी कमी झाली. भावाची नोकरी गेली, शेजारणीच्या नवऱ्याचीही गेली. कितीतरी घरांना कुलपे लागली. बाई निघणाऱ्या प्रत्येक घरी जाऊन सामान बांधू लागल्या. काही जण त्यांना दारातूनच परत पाठवत. त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा जात. भावाने पुढे गावातच बाके आणि दारे करायचे दुकान टाकले. टेकडीवर पक्क्या जमिनीवर नवी शाळा झाली. तिथे गुळगुळीत पांढरे फळे आले. मी बँडच्या खोलीतच राहिलो, संध्याकाळच्या वर्गासाठी.

शेजारीण गाव सोडून गेली नाही. वर्षभराने ती वर्गात येऊन मागे बसली. पाटीवर उत्तर लिहून दाखवायची, पण बाईंशी तोंडाने एक अक्षर बोलायची नाही. बाईही तिला बोलायला लावत नसत. पाटी तपासून बरोबरची खूण करायच्या आणि पुढे जायच्या. हे कितीतरी वर्षे चालले.

मग बाईंचे डोळे अधू झाले आणि वर्ग बंद पडला. मी भिंतीकडे तोंड करून धूळ खात पडलो. उंदीर आले ते तेव्हाच. एका संध्याकाळी दार उघडले. शेजारीण आत आली, तिने मला सरळ केले, ओल्या फडक्याने पुसले आणि वर्ग घ्यायला सुरुवात केली. कुणी तिला सांगितले नव्हते.

हे ऐकून बाई भाचीचा हात धरून आल्या आणि गुपचूप शेवटच्या रांगेत बसल्या. शेजारणीने लिहिता लिहिता वळून पाहिले. खडू खाली ठेवला.

"बाई, तिथून दिसायचं नाही तुम्हाला. पुढे येऊन बसा."

बाई उठल्या आणि पुढे येऊन बसल्या.

मित्रांनो, मला पुन्हा रंग लावा असे मी म्हणणार नाही. लाकूड आहे, झिजणारच. पण तुमच्यातले कुणी भिंतीचा तडा दाखवू लागले, तर आधी जाऊन तो तडा बघा. सांगणाऱ्याला एकटे पाडू नका. आणि पाडलेच असेल, तर त्याला जवळ बोलवायला आमच्याइतकी वर्षे लावू नका.