रांग नसलेलं दुकान

“राहू द्या हो तिला. ती पाव घ्यायला कुठे येते? ऊब घ्यायला येते बिचारी.”

पाववाली बेगोन्या हे म्हाताऱ्या ओब्दुलियाच्या कानात कुजबुजली, तेव्हा मी तिथेच होते. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या कुंबाच्या खांद्यावर. मी पावाची पिशवी बोलतेय. पावाची हे नुसतं नाव. तोवर माझ्यात एकदाही पाव पडला नव्हता.

माझा जन्म सेनेगलमधल्या साँ-लुईचा. कुंबाच्या लग्नाचा झगा शिवून उरलेल्या पिवळ्या-निळ्या कापडातून शिंप्याने मला कापलं. झग्याला दोन दिवस लागले, मला अर्धा तास, तोही गप्पा मारता मारता. म्हणून माझा एक बंद दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब आहे. कुंबाच्या आईने मला झटकून पाहिलं आणि म्हणाली, परक्या गावात रिकाम्या हाताने फिरू नये, निदान पिशवी तरी असावी.

परकं गाव म्हणजे स्पेनमधलं सान्तोन्या. कुंबाचा नवरा बिरामा इथे मासेमारीच्या बोटीवर असतो. माणूस शांत. बोनितो माशांमागे तीन आठवडे समुद्रावर निघाला, तेव्हा बूट चढवता चढवता खाली बघूनच बोलला.

“मी येईपर्यंत बघ. नाहीच रमलीस, तर आईकडे पोचवतो. मला राग येणार नाही.”

राग येणार नाही हे ऐकून कुंबाला काय वाटलं, ते तिने त्याला सांगितलं नाही. मला सांगितलं. घरात दुसरं होतं कोण?

ती रोज भाषा शिकायची. फोनमधली बाई शिकवायची, आणि शिकवायची काय, तर माझ्या काकांकडे हिरवं सफरचंद आहे, सूप गरम आहे. काका नव्हते, सफरचंद नव्हतं, सूप होतं, पण ते गरम आहे हे कळवायचं कुणाला?

मग ती मला खांद्याला लावून पावाच्या दुकानात जायची. आमच्या साँ-लुईला दुकानात शिरलं की आधी सलाम, मग घरच्यांची चौकशी, मग दुकानदारच विचारतो, काय देऊ. कुंबाही आत शिरून हळूच नमस्कार करायची. सगळ्या बायका एका सुरात, मान न वळवता उत्तर द्यायच्या. झालं. कुंबा शहाण्यासारखी भिंतीला लागून उभी राहायची, पाळी यायची वाट बघत. मागून आलेल्या बायका पाव घेऊन जायच्या. बेगोन्या प्रत्येकीला म्हणायची, काय देऊ राणी? सत्तरीतल्या बायकाही तिथे राण्या होत्या. आम्ही अर्धा तास उभ्या राहायचो आणि बाहेर पडायचो. मग सुपरमार्केट. तिथे प्लास्टिकमधला मऊ पाव मिळतो आणि तोंड उघडावं लागत नाही. त्याला माझीही गरज लागत नाही.

उबेचं ते बोलणं कुंबाला अर्धंच कळलं. ‘ऊब’ म्हणजे गरमशी काहीतरी, एवढं तिला सुपामुळे कळलं, आणि ‘बिचारी’ म्हणतानाचा चेहरा कुठल्याही भाषेत सारखाच असतो. मनाला लागायला तेवढं पुरलं. त्या दिवशी घरी आल्यावर तिने माझी घडी घातली आणि मला सुटकेसच्या तळाशी ठेवलं. वर झगा ठेवला. एकाच कापडाच्या, आई-लेकीच म्हणा ना आम्ही.

तरी दुसऱ्या दिवसापासून ती मला न घेताच त्या दुकानासमोरच्या बाकावर जाऊन बसायची आणि काचेतून बघत राहायची. काय दिसलं, ते संध्याकाळी सुटकेसशी बसून सांगायची. बाई आत येते, सगळ्यांना मिळून काहीतरी विचारते, कुणीतरी एक बोट वर करतं. मग ती बाई निर्धास्त होते, खिडकीशी जाते, बाकावर बसते, बाहेर जाऊन सिगारेटसुद्धा ओढून येते. तरी तिची पाळी चुकत नाही.

“अगं, रांग नाहीच आहे तिथे,” कुंबा म्हणाली. “रांग त्यांच्या डोक्यात आहे. मी कुणालाच विचारलं नाही, म्हणून मी कुणाच्याच मागे नाही.”

गुरुवारी सकाळी बिरामाचा निरोप आला. दुपारी बोट लागते आहे. तीन आठवडे बोटीवरचा शिळा पाव खाल्लाय, कडक सालीचा ताजा मिळाला तर बरं. आणि शेवटी, काय ठरवलंस?

कुंबाने फोन बाजूला ठेवला. सुटकेस उघडली, झगा बाजूला केला आणि मला ओढून काढलं. जिना उतरताना ती फोनमध्ये शोधून घोकलेलं एकच वाक्य पुटपुटत होती. माझ्या लांब बंदाला तिच्या तळव्याचा घाम लागला होता.

दुकानात पाच बायका होत्या. कुंबाने नमस्कार केला आणि तसंच पुढे, श्वास न घेता, विचारून टाकलं, “शेवटचं कोण?”

बेगोन्याच्या हातातला चिमटा पावावर थांबला. मग बाकावरून एक वाकडं बोट वर आलं.

“मी गं पोरी,” ओब्दुलिया म्हणाली. “गुडघे दुखतात, उठायला वेळ लावीन. घाई करू नकोस.”

आज मी स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला लटकते. शिवणीत पावाचा चुरा अडकलाय, खालचा कोपरा उसवलाय, आणि शिवते शिवते म्हणत कुंबा ते पुढे ढकलते. माझी तक्रार नाही. उसवते ती वापरातली पिशवी. तुम्हाला एवढंच सांगणं, तुमच्या दुकानात कुणी नवखी भिंतीशी उभी दिसली, तर ती ऊब घ्यायला आली आहे असं लगेच समजू नका.

त्या गुरुवारचं थोडं राहिलं. ओब्दुलियाच्या उत्तराला मिनिटही झालं नसेल, दार उघडलं. ओली छत्री झटकत एक जाडा गृहस्थ आत आला आणि नेहमीसारखं साऱ्यांना मिळून विचारता झाला, शेवटचं कोण?

पाच माना वळल्या, आणि त्या दुकानात पहिल्यांदाच आमच्याकडे वळल्या. कुंबाने त्यांच्यासारखंच एक बोट वर केलं.

“मी,” ती म्हणाली. “तुम्ही माझ्या मागे.”