डाळिंबीची दुसरी फाक

मत्सराला राहायला फार जागा लागत नाही म्हणतात. अंधेरीच्या त्या कॉलेज-हॉस्पिटलातल्या कान-नाक-घसा विभागात मात्र त्याला चांगलं काचेचं कपाट मिळालं होतं. पेशंटांच्या, त्यातून पोरांच्या, घशातून-नाकातून काढलेल्या वस्तू त्यात बाटल्यांमध्ये मांडलेल्या असत. चाराण्याचं नाणं, सेफ्टी पिन, शिट्टी, चिंचोका, एका आजोबांची अर्धी कवळी. प्रत्येक बाटलीखाली एक कार्ड. ज्याने वस्तू काढली त्याने स्वतःच्या हाताने त्यावर आपलं नाव लिहायचं, ही विभागप्रमुख वागळेसरांची पद्धत.

डॉक्टर नंदकिशोर तावडे रोज सकाळी ओपीडीत जाण्याआधी त्या कपाटापुढे उभा राहायचा आणि मोजायचा. मृणालिनी देवस्थळीच्या अकरा, आपल्या सहा. आता एका रात्रीत बाटल्या काय पिल्लं घालणार होत्या? पण मोजल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे.

दोघं एकाच बॅचचे, बरोबरच एम. एस. झालेले, आणि विभागात लेक्चररची जागा एकच. साल चौऱ्याऐंशी. नंदूचा बाप गिरणीतला. संप झाला तेव्हापासून जोगेश्वरीच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. ही जागा हुकली तर नंदूला गाशा गुंडाळून कुठल्यातरी तालुक्याच्या गावी जावं लागणार होतं. आणि मृणालिनी? बाप डॉक्टर, काका डॉक्टर, पार्ल्याला दवाखाना तयार. हिला कशाला हवी जागा? बरं, नुसता दवाखाना असता तर गोष्ट वेगळी. हाताला यश, पेशंट हिचंच नाव विचारत येणार, वर अक्षरसुद्धा मोत्यासारखं. देवाने वाढताना अख्खं पातेलंच उपडं केलं होतं मेलीच्या पानात! नंदू जळायचा. चुलीत ओलं लाकूड जळतं तसा, धूर काढत.

त्या मंगळवारी दिंडोशीहून मालन नावाची बाई आपल्या तीन वर्षांच्या जयवंताला घेऊन आली. पोर खोकून खोकून लाल झालं होतं.

"डॉक्टरांनू, मी वाल सोलीत होतंय. हो बाजूक बसलेलो. एक डाळिंबी तोंडात घातल्यान आणि हसाक लागलो. ठसको लागलो तो लागलोच," ती म्हणाली आणि इकडेतिकडे बघत तिने पुढे विचारलं, "त्या मॅडम नाय हत?"

झालं! मॅडम विद्यार्थ्यांचा वर्ग घेत होत्या. आणि मी काय इथे माशा मारायला बसलोय, असं मनात म्हणत नंदूने पोराला टेबलावर घेतलं. भूल दिली, श्वासनळीत दुर्बीण घातली, आणि उजव्या बाजूची ती पांढरी डाळिंबी चिमट्यात धरून अलगद बाहेर आणली. हात चांगला होता त्याचा, खोटं कशाला बोला.

वागळेसर पहिल्याच दिवशी सगळ्यांना एक गोष्ट शिकवत. वस्तू निघाली की दुर्बीण पुन्हा आत घालायची. एक निघालं म्हणजे सगळं निघालं असं समजायचं नाही. नंदू स्वतः विद्यार्थ्यांना हेच घोकायला लावायचा. पण नेमकं तेव्हाच दाराच्या काचेतून त्याला मृणालिनी दिसली, तोंडाला मास्क बांधत आत येणारी. आता पुन्हा दुर्बीण घातली की ही येऊन खांद्याशी उभी राहणार आणि म्हणणार, मी बघू का जरा?

"निघाली! झालं काम," नंदू म्हणाला आणि दुर्बीण खाली ठेवली.

बाहेर मालनने बाटली हातात घेऊन निरखून बघितली. "डॉक्टरांनू, ही एकच फाक. दुसरी खंय?"

"गिळली असेल त्याने. तुम्ही पोराकडे बघा."

सोललेल्या वालाच्या दोन फाका होतात हे बिरडं खाऊन वाढलेल्या माणसाला कुणी सांगायला हवं? नंदूची आई दर श्रावणात परातभर सोलायची. पण त्याचं लक्ष कपाटाकडे होतं. बाटली मांडून तो मोठ्याने म्हणाला, "सात!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिथेच उभा असताना आया वनमाला वॉर्डातून धावत आली. "तावडेसर, तो वालाचा पोरगा निळा पडलाय!"

तो पोहोचला तेव्हा मृणालिनीने जयवंताला टेबलावर घेतलं होतं. भूल देऊन झाली होती, दुर्बीण तिच्या हातात होती.

"नंदू, काल दुसऱ्यांदा आत बघितलं होतंस ना?"

"हो."

कसं निघालं तोंडातून ते त्यालाही कळलं नाही.

"मग सूजच असणार," ती म्हणाली. दुर्बीण ठेवून दिली आणि सिस्टरला इंजेक्शन भरायला सांगितलं. एक शंका नाही, एक तिरका शब्द नाही. नंदूने पोराच्या छातीकडे बघितलं. उजवी बाजू हलतच नव्हती. मालनने बाटली कशी निरखली होती ते त्याला आठवलं.

"नाही गं, नाही बघितलं मी! खोटं बोललो. दुसरी फाक आत आहे. घाल दुर्बीण, घाल लवकर!"

तिने दुर्बीण उचलली. नंदूने पोराचं डोकं धरलं. रात्रभरात फुगलेली दुसरी फाक चार मिनिटांत चिमट्यात आली. मग तिने पुन्हा आत जाऊन नीट बघितलं. थोड्या वेळाने जयवंताने असं काही भोकाड पसरलं की बाहेर मालन रडता रडता हसायला लागली.

मृणालिनीने ती फाक नंदूच्याच बाटलीत टाकली. "तुझी केस आहे," एवढंच म्हणाली.

वागळेसर परीक्षेच्या कामाला गेले होते, ते अकराला आले आणि कपाटापाशी थांबले. "तावडे, काल यात एकच फाक होती ना रे?"

"सर, एक ट्रेमध्येच राहिली होती," मृणालिनी पटकन म्हणाली.

"अस्सं. शाब्बास तावडे, पुरी काढलीस!"

सुटला की नंदू! जागा वाचली, बापाला सांगायला तोंड राहिलं. दुसरा कुणी असता तर गपगुमान चहा प्यायला गेला असता. पण नंदूच्या अंगाचा तिळपापड झाला. अकरा बाटल्या सोसल्या, यश सोसलं, अक्षर सोसलं. आता चांगुलपणातसुद्धा हीच पुढे? आणि आपण जन्मभर हिच्या उपकाराखाली? हट्!

"नाही सर," तो म्हणाला. "दुसरी आज हिने काढली. काल मी पुन्हा बघितलंच नाही. सकाळी हिने विचारलं तेव्हा खोटं बोललो. पोर जाणार होतं सर."

सरांनी चष्मा काढून पुसला.

"जागेसाठी आज मला एक नाव पाठवायचं होतं," ते म्हणाले. "आता कुणाचं जाईल ते तुला कळलंच असेल." आणि एक कोरं कार्ड त्याच्या हातात दिलं. "हे तू लिही. तिच्या नावाचं."

नंदू ओपीडीतल्या टेबलाशी बसला. मृणालिनी मागे येऊन उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. "मूर्खा, गप्प बसायला काय झालं होतं तुला?"

"तुला नाही कळायचं."

पहिलं कार्ड त्याने फाडलं. खणातून दुसरं घेतलं, तेही फाडलं, मग तिसरं. चौथ्यावर जीभ दातात धरून, एकेक वळण घोटत त्याने लिहिलं, डॉ. मृणालिनी देवस्थळी. मग जाऊन कपाट उघडलं, तिच्या हातचं जुनं कार्ड काढून शेजारी धरलं आणि दोन्ही नीट ताडून बघितली.

त्याचं अक्षर चांगलं आलं होतं. तिच्यापेक्षाही चांगलं.