सव्विसाव्या दिवशी आलेली मावशी

परदेशात येऊन सहा वर्षं झाली तरी नर्सबाईंना तिथल्या भाषेत रागावता येत नसे. गोळ्या कधी घ्यायच्या ते सांगायला, प्रार्थना म्हणायला भाषा पुरे पडे. राग आला की मात्र शब्द पाठ फिरवत. मिशनच्या दवाखान्यातले रोगी याचा पुरेपूर फायदा घेत. नवरा मिशनचा पाळक, त्याचं बोलणं पाण्यासारखं. आणि अकरा वर्षांची लेक तर तिथल्या पोरांशी त्यांच्याच भाषेत कडाकडा भांडायची.

या तिघांच्या घरात आता चौथं माणूस यायचं होतं. बालगृहातली साडेचार वर्षांची पोर. समोर येईल त्याची बटणं काढायची आणि पुन्हा लावायची तिला भारी हौस, म्हणून सगळे तिला बटणच म्हणत. दीड वर्ष कागदपत्रांचा घोळ चालला होता. घराची तपासणी दोनदा झाली. दत्तक विभागाच्या मॅडमनी जिन्याचा कठडा हलवून पाहिला, औषधांच्या कपाटाला कुलूप आहे का पाहिलं, आणि लेकीला एकटीला बसवून विचारलं, "खोली वाटून घेशील?"

"घेईन," लेक म्हणाली, "पण खिडकीकडची बाजू माझी."

मॅडमनी तेही लिहून घेतलं.

आता फक्त वर्तमानपत्रातल्या नोटिशीचे तीस दिवस सरायचे होते. मुलीचं कुणी नातेवाईक असेल तर पुढे यावं, असं त्या नोटिशीत होतं. "कुणी येत नसतं गं," पाळक म्हणाला. "नुसता उपचार असतो."

सव्विसाव्या दिवशी मावशी आली.

नर्सबाईंनी दार उघडलं तर समोर एक हडकुळी बाई. हात कोपरापर्यंत लालबुंद, लॉन्ड्रीच्या वाफेनं भाजल्यासारखे. "मी बटणच्या आईची थोरली बहीण. दत्तक विभागातून पत्ता मिळाला," ती म्हणाली. "भांडायला नाही आले, बाई. घर बघायला आले."

नर्सबाईंनी तिला आत घेतलं, पाणी दिलं. मावशीनं सगळं थोडक्यात सांगितलं. दोघी बहिणी एकाच तापानं आडव्या झाल्या. धाकटी गेली, ही दोन महिने इस्पितळात. उठून आली तेव्हा पोरीला कुणीतरी बालगृहात नेऊन सोडलेलं. कुठल्या, ते कुणी सांगेना. तीन ठिकाणी हेलपाटे घातले, पण नात्याचा कागद आणा म्हणत तिला सगळ्यांनी दारातूनच परत पाठवलं. दोन वर्षांनी, कपडे बांधायच्या वर्तमानपत्रात तिला पोरीचा फोटो दिसला.

मग ती मुलींच्या खोलीत गेली. नव्या पलंगावरची चादर तिनं तळव्यानं दाबून पाहिली, सवयीनं कोपरा सरळ केला.

"चांगलं आहे सगळं. माझी एकच खोली, आणि दिवसभर लॉन्ड्रीत काम. पोरीकडे बघणार कोण? तुमच्याकडेच राहू दे. कुठे सही करायची ते सांगा."

नर्सबाईंनी रोखलेला श्वास सोडला. तो इतका मोठ्यानं सुटला की त्यांची त्यांनाच लाज वाटली.

मावशी गेल्यावर पाळक म्हणाला, "बघ, प्रभूनंच वाट मोकळी केली."

"अहो, प्रभूची इच्छा दर वेळी आपल्याच दारात कशी येऊन उभी राहते?"

पाळकानं मावशीचा पाण्याचा पेला उचलून आत नेला.

दुसऱ्या दिवशी मॅडमबरोबर मावशी आणि नर्सबाई बालगृहात गेल्या. बटण धावत आली ती नर्सबाईंच्याच कोटाला लोंबकळली आणि त्याची बटणं काढू-लावू लागली. मावशी जागची हलली नाही. तशीच जमिनीवर पाय पसरून बसली आणि नर्सबाईंना म्हणाली, "अजून बटणं लावते होय? दोन वर्षांची होती तेव्हा शर्टांच्या ढिगात बसवायचे हिला. एकही शर्ट उघडा सोडायची नाही."

आवाज ऐकून पोर थबकली. तिनं मावशीकडे टक लावून पाहिलं, जवळ गेली, तिचा लाल हात उचलून हुंगला आणि तिच्या मांडीत जाऊन बसली, रोजच्या जागी बसावं तशी.

"सही करू नका," नर्सबाई मावशीला म्हणाल्या.

"पण दिवसा..."

"आमचं घर दवाखान्याला लागूनच आहे. दिवसा तिला आमच्याकडे सोडत जा."

मॅडमनी चष्मा काढला. "म्हणजे तुमचा अर्ज मागे घ्यावा लागेल. कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय," नर्सबाई म्हणाल्या आणि त्यांनी पेन मागितलं.

घरी लेकीनं रडून आकांत केला. "मी अर्धं कपाट रिकामं केलं! मला कुणी विचारलं?" तिचं खरंच होतं. नर्सबाईंनी तिला समजावलं नाही, नुसतं जवळ घेतलं. तिसऱ्या दिवशी पाळक उठला आणि साक्षीदार म्हणून मावशीबरोबर कचेरीत गेला. नात्याचा कागद मिळेपर्यंत त्यानं तिच्याबरोबर पाच खेटे घातले.

आता मावशी कामावर जाताना पोरीला सोडते, पाच वाजता न्यायला येते. चहा पिते, नर्सबाईंचे भाषेतले घोटाळे सुधारते, पोरीला कडेवर घेऊन जाते. परवा नर्सबाईंनी धीर करून विचारलं, "आजची रात्र राहू दे ना इथेच?"

"तिलाच विचारा," मावशी म्हणाली.

बटणनं मान हलवली. "नको. मावशीला एकटीला झोप येत नाही."

सगळे हसले, नर्सबाईही हसल्या. पोरीच्या पायात चपला घालून दिल्या, फाटकापर्यंत सोडायला गेल्या. परत येऊन त्यांनी ओट्यावरचे कप विसळायला घेतले. लेक मागून आली, आईचे डोळे पाहिले आणि फडकं घेऊन कप पुसायला शेजारी उभी राहिली.